तुपाचा लिटर आणि किलो

वर ताईंनी विचारलंय, लाडवांच्या कृतीत अर्धा किलो तूप लिहिलंय, तर अर्ध्या लिटरची पिशवी चालेल का? चालेल, पण थोडं कमी पडेल. लिटरभर तूप भरतं ९०५-९१० ग्रॅम, तेलाचंही साधारण तेच. पिशवीवर दोन्ही आकडे छापलेले असतात, वाचून बघा. म्हणजे अर्ध्या किलोला ५५० मिली लागेल. इथे इंदूरला सुटं तूप किलोवर घेतो आणि पिशवी लिटरवर, त्यामुळे नुसते भाव बघून स्वस्त-महाग ठरवू नका. मी एकदा फसलोय.

दूध उलटं, पाण्याहून किंचित जड: लिटरला १०३० ग्रॅम.

खरी गंमत बेसनाची. माझ्या काट्यावर २४० मिलीचा कप चाळून, अलगद भरला तर ९५ ग्रॅम, ठोकून भरला तर १२०! पिठाला एकच आकडा नाही, ते काट्यावरच घ्या. आजीचा शेरही दोन तऱ्हांचा होता, मापी आणि वजनी. वजनी म्हणजे ८० तोळे, ९३३ ग्रॅम. मापी शेरात मात्र ज्वारी वेगळी भरायची, पोहे वेगळे.