मदत हवी आहे : 'कळी उठवली' की 'कळीला उठवलं'?

नमस्कार मंडळी. इंदूरला रामबागेत मी आठवी-नववीच्या मुलांना मराठी शिकवते. चेतनगुणोक्ती अलंकार (निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं वर्णन) शिकवल्यावर एका मुलीनं ओळ लिहिली : 'पहाटेनं कळीला उठवलं.' मला फार आवडली. सोबतच्या शिक्षिकांचं म्हणणं, कळी निर्जीव, म्हणून 'कळी उठवली' असा कर्मणी प्रयोगच (क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे) हवा. 'ला' हा हिंदीतल्या 'को'चा परिणाम. इथली मुलं दिवसभर हिंदी बोलतात, त्यामुळे शंका रास्तच आहे.

पण आपण 'पुस्तक वाचलं' म्हणतो आणि 'बाळाला उठवलं' म्हणतो. सजीव कर्माला सहसा 'ला' लागतो, क्रियापद नपुंसकलिंगी होऊन भावे प्रयोग होतो. मग कळीला माणूस मानलं की तिलाही हाच नियम नको का? मला तर वाटतं, त्या 'ला'मुळेच कळी जिवंत होते. 'कळी उठवली'मध्ये ती पुन्हा वस्तू होते.

लिंगाचा मात्र प्रश्न नाही. 'चांदणं दमली' हे मी 'दमलं' करून दिलं.

व्याकरणाच्या जाणकारांनी कृपया सांगावं : अलंकारामुळे प्रयोग बदलणं शास्त्रशुद्ध आहे का? जुन्या कवितांतली उदाहरणं मिळाली तर वर्गात दाखवता येतील. त्या मुलीची ओळ खोडायला माझा हात धजत नाही.