डॉल्फ ब्रिस्को: गुरंवाला गव्हर्नर झाला, पण गुरंवाल्यांसाठी नक्की काय केलं?

माळरान_७
टेक्सासात राहणाऱ्यांना आणि गुरांच्या धंद्यातल्या कुणालाही विचारतेय. गुरांच्या जखमांत अळ्या पाडणाऱ्या स्क्रूवर्म माशीच्या बातम्या वाचत होते, मग तिचा जुना इतिहास शोधायला घेतला आणि त्यात डॉल्फ ब्रिस्को हे नाव आलं. 1923 साली युवाल्डीत जन्म, घरची गुरांची रँच, 1973 ते 79 टेक्सासचे गव्हर्नर, आणि राज्यातल्या सगळ्यात मोठ्या जमीनमालकांपैकी एक, एवढं कळलं. आता मला जे खरंच समजून घ्यायचंय ते हे, की एवढी जमीन होती म्हणून राजकारण जमलं का गुरं राखता राखता जे दिसलं त्यातून हा माणूस राजकारणात आला? आणि रँच सांभाळून आमदारकी करायला वेळ कसा मिळायचा?

सॅनअँटोनियोकर
वेळेचं आधी सांगतो. टेक्सासची विधानसभा आजही दोन वर्षांतून एकदाच भरते, तेही जास्तीत जास्त 140 दिवस, आणि आमदाराचा पगार महिन्याला 600 डॉलर. म्हणजे ज्याचं पोट दुसऱ्या धंद्यावर आहे तोच तिथे टिकतो, वकील नाहीतर रँचर, नोकरदाराला ते परवडतच नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हो, जमीन होती म्हणून जमलं. शिवाय वडिलांचे रँचमधले भागीदार रॉस स्टर्लिंग 1931 ते 33 गव्हर्नर होते, राजकारण घरातच होतं म्हणा ना.
पण उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात चीन-बर्मा-भारत आघाडीवर नोकरी करून ब्रिस्को परत आले, 1949 मध्ये आमदार झाले, आणि त्याच वर्षी सिनेटर नेव्हिल कोलसन या बाईंबरोबर कोलसन-ब्रिस्को कायदा आणला, ज्यात गावाकडच्या रस्त्यांसाठी दरवर्षी दीड कोटी डॉलर बाजूला काढून ठेवायचे ठरलं. ह्यूस्टनचा एफएम 1960 रस्ता ऐकलाय ना? एफएम म्हणजे फार्म टू मार्केट, शेतापासून बाजारापर्यंत, आणि राजधानी ऑस्टिनच्या आरएम 620 मधला आर हा रँचचा. अशा रस्त्यांची सुरुवात आधीच झाली होती पण दरवर्षी पैशाची हमी या कायद्याने आली, आणि आज राज्य ज्या रस्त्यांची देखभाल करतं त्यातले निम्म्याहून जास्त याच प्रकारातले आहेत. पावसात चिखलात ट्रक रुतला की जनावर बाजारात पोचत नाही, हे ज्याने घरी पाहिलंय त्यालाच असा कायदा सुचतो असं माझं प्रामाणिक मत आहे.
1954 ला वडील गेले, मग 57 ला आमदारकी सोडून ते रँच बघायला परत गेले.

गोठ्यातला_डॉक्टर
माशीबद्दल मी लिहितो, पशुवैद्य आहे. ही माशी जनावराच्या उघड्या जखमेवर अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात, मेलेलं नाही. नुकत्या जन्मलेल्या वासराची ओली बेंबीसुद्धा पुरते. त्या काळी रँचवरच्या लोकांना रोज घोड्यावर फिरून एकेक जनावर धरून जखमा तपासायला लागायच्या, बघणं चुकलं की वासरू गेलं.
एडवर्ड निप्लिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी हेरलं होतं की मादी आयुष्यात एकदाच नराशी जुळते. मग किरणोत्सर्गाने वंध्य केलेले नर लाखोंनी सोडले तर अंडी फुकट जातात आणि पिढी तिथेच संपते. फ्लोरिडात 1959 पर्यंत हे जमलं होतं. टेक्सासात करायचं तर पैसा लागणार होता, आणि इथे ब्रिस्को पुढे आले, ते तेव्हा गुरंवाल्यांच्या मोठ्या संघटनेचे अध्यक्ष होते. रँचरांनी सरकारची वाट न बघता जनावरामागे काही सेंट अशी स्वतःहून वर्गणी काढली, मग सरकारही आलं, आणि 1962 ला मिशन गावाजवळ माश्या तयार करायचा कारखाना सुरू झाला. 1972 ला माशी जोरात उलटली, पण शेवटी 1982 नंतर देश मोकळा झाला. आता 2024 च्या अखेरीस ती मेक्सिकोत परत सापडली आणि 2025 मध्ये अमेरिकेने तिथली जिवंत गुरं घेणं थांबवलं, म्हणून तुम्हाला बातम्या दिसताहेत.
थोडं अवांतर, टेक्सासच्या उन्हात आणि गोचिडांत जी ब्राह्मण गुरं टिकतात त्यांच्या रक्तात गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर आपली कृष्णा खोरे जातही आहे. सांगली भागात ही जात आता किती कमी राहिलीय ते बघून फार वाईट वाटतं.

रेवा_ह्यूस्टन
वरचं सगळं मान्य, पण फक्त चांगलंच लिहिलं जातंय म्हणून दुसरी बाजू. युवाल्डीच्या शेजारी झवाला काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आहे, बहुतेक वस्ती मेक्सिकन वंशाची, शेतात आणि रँचवर राबणारी. 1970 च्या सुमारास त्यांनी ला राझा उनिडा पक्ष काढला आणि तिथली सत्ता मिळवली. 1972 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्यांचे उमेदवार रॅमसे मुन्यिझ यांनी सहा टक्क्यांच्या वर मतं घेतली आणि ब्रिस्को जेमतेम 48 टक्क्यांवर निवडून आले. पुढे झवालात सहकारी शेतीसाठी केंद्राचा निधी मंजूर झाला, तर ब्रिस्कोंनी तो अडवायला जंग जंग पछाडलं, तिथे छोटा क्युबा होतोय असं म्हणाले. माशीसाठी रँचरांनी वर्गणी काढून एकत्र यायचं ते चांगलं, आणि मजुरांनी एकत्र येऊन शेती करायची तर तो धोका? सहकाराच्या गावात वाढलेल्या मला हे अजिबात पटत नाही.

माळरान_७
रेवा, हे कुठेच वाचलं नव्हतं, थँक्स. मग गव्हर्नर म्हणून निवडून तरी कसे आले?

सॅनअँटोनियोकर
रेवाताईंचा झवालाचा मुद्दा बरोबर आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. निवडून आले ते शार्प्सटाउन शेअर घोटाळ्यामुळे. 1968 ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या पक्षातल्या निवडणुकीत, हरले होते, पण 72 पर्यंत त्या घोटाळ्याने तेव्हाचे गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ आणि लेफ्टनंट गव्हर्नर बेन बार्न्स दोघांनाही प्रायमरीत बुडवलं, लोकांना ऑस्टिनबाहेरचा माणूस हवा होता. रनऑफला म्हणजे प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत समोर सिसी फॅरेंथोल्ड होत्या, सुधारणावादी आणि फार धीट बाई, त्या हरल्या याचं मला आजही वाईट वाटतं. गव्हर्नर झाल्यावर ब्रिस्कोंनी सहा वर्षांत नवा कर लावला नाही, अर्थात तेलाचे भाव वाढल्याने तिजोरी भरतच होती. पण ऑस्टिनपेक्षा युवाल्डीतच जास्त असतात अशी ओरड कायम राहिली. 1978 च्या प्रायमरीत त्यांच्याच पक्षाच्या जॉन हिल यांनी हरवलं, आणि गंमत नाही, मोठी घटना म्हणजे नोव्हेंबरात हिलही रिपब्लिकन बिल क्लेमेंट्सकडून हरले, शंभरेक वर्षांत पहिल्यांदा रिपब्लिकन गव्हर्नर आला. ब्रिस्को परत रँचवर गेले आणि 2010 ला युवाल्डीतच वारले. ऑस्टिनला युनिव्हर्सिटीत त्यांच्या नावाचं इतिहास केंद्र आहे, माळरान तुम्ही जवळ असाल तर तिथे जाऊन बघा.