सामान्य गणित होतं की आपल्याकडे

"शाळेत ज्यांना गणित झेपत नाही त्यांना सोपा पर्याय द्या, सगळ्यांवर बीजगणित कशाला लादायचं" असं काही जण म्हणतात, पण हा प्रयोग आपल्या महाराष्ट्राच्या एसएससी बोर्डाने करून झालाय हो. नववी-दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित हा सोपा विषय घेता यायचा, नवीन अभ्यासक्रम आला तेव्हा (दहावीला २०१८-१९) बंद झाला. माझ्या मामेभावाने सामान्य गणित घेतलेलं, घेतलेलं म्हणजे काय तर शाळेनेच गळ्यात मारलं, निकालाची टक्केवारी घसरायला नको म्हणून. पास झाला, पेढे वाटले, आणि मग अकरावीला सायन्स घ्यायचं डोक्यात आलं तर हे गणित चालत नाही म्हणे, बसला कॉमर्सला. चौदाव्या वर्षी कोणाला कळतंय पुढे काय लागणारे ते?

त्यापेक्षा सीबीएसईचं बेसिक-स्टँडर्ड मला बरं वाटतं, २०२० च्या दहावीपासूनचं. पुस्तक तेच, वर्ग तोच, फक्त बोर्डाचा पेपर सोपा की नेहमीचा एवढंच निवडायचं. एक्स-वाय सगळेच शिकतात, आणि बेसिकवाल्याला नंतर उपरती झालीच तर स्टँडर्डचा पेपर देता येतो, आमच्या भावाला ती सोय नव्हती.