संधिवाताच्या हातांसाठी घरात काय वापरता?

आईची बोटं सकाळी वळतच नाहीत, बरणीचं झाकण, नळ, चावी सगळ्यालाच कुणीतरी लागतं आणि तिला ते मुळीच आवडत नाही. काही सुचवा ना.

> झाकण रबरी हातमोजा घालून फिरवायचं. नवी बरणी असेल तर आधी चमच्याचं टोक कडेखाली घालून हलकेच उचला, टक् झालं की हवा आत गेली, मग सहज फिरतं.

> ब्रश, पेन, चमच्याच्या दांड्यावर पाइपचा फोम चढवा, दांडा जाड झाला की मूठ कमी आवळावी लागते. नळाला मात्र लिव्हरच बसवा, कोपरानेही चालतो, बाकी जुगाड त्यापुढे काहीच नाहीत.

> +१ लिव्हरला. कपड्यांच्या, पिशवीच्या चेनला किल्लीची रिंग अडकवा, बोट घालून ओढता येते.

चमच्याचं जमलं!! पण चावीचं काय?

> तिच्या भोकात पेन्सिल आडवी घालून फिरवा, जोर कमी लागतो.