विषय: तातडीचं – विसर्जनाला ताशा कोण वाजवणार?

अनघा (ढोलपथक):
मंडळी, मृणालचा आत्ताच फोन आला. तिच्या नोकरीचा, म्हणजे ॲनिमल कंट्रोलचा (भटकी, चावरी जनावरं पकडून सांभाळण्याचा) बेसिक कोर्स नेमका विसर्जनाच्या शनिवार-रविवारी आलाय, तोही ऑस्टिनला. ढोल भरपूर आहेत, पण ताशे दोनच आणि दुसऱ्या ताशेवाल्याचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. डॅलसच्या आसपास कोणी ताशा वाजवणारं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. मागच्या वेळेसारखं पार्किंगमध्ये उभं राहून ठरवायला लागू नये.

संदीप:
अनघाताई, तिला पुढच्या बॅचला जाता येणार नाही का? कोर्स फक्त 12 तासांचा आहे ना? कुत्री पकडण्याचं काम ती वर्षभर करतेच आहे, मग आता एवढी घाई का? तालमींना सगळ्यांनी सुट्ट्या टाकल्यात.

मृणाल:
संदीपदादा, घाई कायद्याची आहे. टेक्सासमध्ये नोकरीला लागल्यापासून एक वर्षाच्या आत बेसिक कोर्स पुरा करावाच लागतो, निदान 12 तासांचा. मी ऑक्टोबरमध्ये लागले. जवळपासची पुढची बॅच नोव्हेंबरात आहे, म्हणजे माझी मुदत उलटून जाते. शिवाय हे एकदा करून संपत नाही. नंतर दर तीन वर्षांत 30 तासांचं शिक्षण चालू ठेवायचं असतं, तेव्हा तारखांची ओढाताण पुन्हा होणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

आणि "कुत्री पकडणं" हा कामाचा छोटा भाग आहे. कोर्समध्ये राज्याचे आणि केंद्राचे कायदे आहेत, रोगांची ओळख आहे, जखमी जनावराचे प्रथमोपचार, वाहतूक, शेल्टरची व्यवस्था, पुराव्याची नोंद कशी ठेवायची आणि कोर्टात साक्ष कशी द्यायची हेही आहे. कुत्रा माणसाला चावला की त्याला 10 दिवस निरीक्षणाखाली ठेवतात आणि इथे ते 240 तास म्हणून मोजतात. तेवढ्या काळात कुत्रा धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं मानता येतं. चावल्याची वेळ मी चुकीची लिहिली तर एखादं घर आठवडाभर जिवाला घोर लावून बसेल, किंवा त्याहून वाईट, कुत्रा लवकर सुटेल. हे मला नीट शिकायचं आहे.

विद्याधरकाका:
चि. मृणाल, अगदी बरोबर बोललीस. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला, त्यामुळे माझ्या मते 12 तास फारच कमी आहेत. कॅच पोल, म्हणजे टोकाला फास असलेला दांडा, जनावराच्या गळ्यात अडकवताना किती ओढायचं, हे हाताला कळेपर्यंत बऱ्याच वेळा करावं लागतं. जास्त ओढलं तर जनावर गुदमरतं, कमी ओढलं तर मान काढून उलटतं. एक विचारतो: रेबीजची आगाऊ लस घेतलीस ना? 2022 पासून अमेरिकेत तीनऐवजी दोन डोस पुरतात, पहिल्यानंतर सातव्या दिवशी दुसरा. वटवाघूळ किंवा स्कंक (दुर्गंधी सोडणारा इथला रानटी प्राणी) हाताळायच्या आधी ती घेतलेली असावी.

शैला:
काका, पोल कशाला? भारतात 2023 च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरची कुत्री हाताने किंवा जाळ्याने पकडायची, चिमटे आणि तारा वापरायच्या नाहीत, आणि नसबंदी-लसीनंतर जिथून उचलली तिथेच सोडायची. आमच्या फोंड्याला लस टोचणारी मुलं जाळी घेऊन दारोदार येत. त्या मोहिमेमुळेच 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. त्यातल्या एका मुलाला आमच्या शेजारणीने चहा पाजल्याशिवाय कधी सोडलं नाही.

विद्याधरकाका:
शैला, जाळं उत्तमच. पण कोपऱ्यात दबलेल्या, दुखावलेल्या कुत्र्यावर जाळं कुठून टाकशील? तिथे पोल लागतो. मृणाल, प्रशिक्षकाला हे मुद्दाम विचार आणि मला कळव.

संदीप:
मृणाल, कायद्याचं मला माहीत नव्हतं. कोर्सलाच जा. मी ह्यूस्टनच्या पथकाला मेल टाकतो, त्यांच्याकडे ताशे आहेत.

अनघा:
संदीप, कृपा करून नको. बाहेरचं पथक बोलवायचं की नाही हे सांस्कृतिक समिती ठरवते, आणि त्यांचा ठेका वेगळा आहे, आमच्या मुलांचा हात बसलेला नाही. मृणाल, 12 तास म्हणजे शनिवारी आठ आणि रविवारी सकाळी चार, असंच ना? दुपारी बाराला सुटलीस तर चारपर्यंत तळ्यावर पोहोचशील?

मृणाल:
हो, वेळापत्रकात रविवारी आठ ते बाराच आहे. वाटेत वेकोला गर्दी असते, साडेचार धरा. ताशा माझ्याकडेच आहे, गाडीत घेऊन जाते.

अनघा:
मग मुलांचं लेझीम आधी, आरती चारला, मिरवणूक साडेचारला. पार्कचं परमिट दोन ते सहाचं आहे, तासभर वाढवून घ्यावं लागेल. परमिट संदीपच्या नावावर आहे. संदीप, उद्या सकाळी त्यांच्या ऑफिसला फोन करशील?