समान वेतनाचा कायदा आहे, मग काजू फोडणारीला कमी का?

काजूबी, डिचोली:
आमच्या भागातले काजू कारखाने आतून पाहिलेत का कुणी? बी फोडायला, गर सोलायला, प्रतवारीला बायका. बॉयलरवर, पोती वाहायला आणि देखरेखीला पुरुष. बायकांचे पैसे बहुधा किलोवर, पुरुषांचे रोजावर नाहीतर महिन्यावर. कारण विचारलं तर मालक म्हणतो, "काम वेगळं, दर वेगळा. कायद्यात बसतं." बसतं, हेच तर दुखणं आहे.

१९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात समान वेतनाचा अध्यादेश निघाला, १९७६ मध्ये कायदा झाला. तो आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेलाय आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. दोन्हींत तुलना फक्त समान किंवा समान स्वरूपाच्या कामाची. कौशल्य, श्रम, जबाबदारी सारखी हवी. संहितेने त्यात 'अनुभव' आणखी घातला. मुलं लहान म्हणून चार वर्षं घरी राहिलेली बाई तिथेच मागे पडली.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठ्या कारखान्यांनी, हॉटेलांनी बायकांना काय मिळतं आणि पुरुषांना काय, हे दरवर्षी जाहीर करावं. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्यांना ही तफावत जाहीर करावीच लागते.

हिशेबनीस, वेर्णा:
असहमत. मी औषधाच्या कारखान्यात पगारपत्रकं करतो. एका ग्रेडला एक बेसिक, त्यात बाई-पुरुष हा रकानाच नाही. फरक येतो तो ओव्हरटाइम आणि नाइट अलाउन्समध्ये. जो रात्रपाळी करतो त्याला मिळतो.

आणि ब्रिटनचा आकडा सगळ्या बायकांची सगळ्या पुरुषांशी तुलना करतो. विमान कंपनीत पायलट बहुतेक पुरुष आणि केबिन क्रू बहुतेक बायका असतील, तर प्रत्येकाला नियमाने पगार देऊनही तफावत भलीमोठी दिसते. मग पेपरात बदनामी. असा आकडा छापून इथे कुणाचं भलं होणार?

मांडवीकाठ, पणजी:
हिशेबनीस, रात्रपाळी न करणं ही बायकांची हौस होती का? १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ६६ त्यांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायलाच मनाई करत होतं. सवलती मागाहून आल्या. कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याच्या नव्या संहितेत बाईच्या संमतीने रात्रपाळी चालते, पण रात्री अकराला पाळी सुटल्यावर वेर्ण्याहून पेडण्याला जाणारी बस मला दाखवा. कंपनीची गाडी नसेल तर ती संमती कागदावरच.

भाटकार, फोंडा:
सगळं मालकाच्या माथी मारायचं ठरलंच असेल तर बोलणं खुंटलं. माड चढायला पाडेली मिळत नाही म्हणून तो माडामागे मागेल ते द्यावं लागतं. पुरुष आहे म्हणून नव्हे. लावणीला बायका मिळतात म्हणून त्यांचा रोज कमी. उद्या त्या मिळेनाशा झाल्या की वाढेल. बाजार आहे हा.

काजूचंही तेच. व्हिएतनामने फोडायची यंत्रं बसवून गर स्वस्त केला. इथला छोटा कारखानदार कसाबसा तग धरून आहे. त्याच्यावर आणखी कागद लादा, तो यंत्र आणेल. मग समान वेतन कुणाला देणार?

काजूबी, डिचोली:
भाटकारबाब, 'परवडत नाही' ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच निकालात काढली आहे. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्रे डिकॉस्टा. मुंबईच्या कंपनीत साहेबांच्या लेडी स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. कंपनीने त्यांचा वर्गच वेगळा दाखवला, वर आर्थिक अडचण पुढे केली. कोर्टाने दोन्ही नाकारलं. आणि समानता आणायची म्हणून पुरुषाचा पगार उतरवता येत नाही, हेही कायद्यात आहे.

पण तिथे टाइपरायटर तरी दोघांपुढे सारखाच होता. काजूत मोठी गोम आहे. अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात किती फरक असतो, ते म्हापशाच्या बाजारात विचारा. गर अख्खा निघणं फोडणारीच्या हातावर असतं. टरफलाच्या तेलाने त्याच हातांची साल निघते. हे कौशल्य बॉयलरवाल्यापेक्षा हलकं, हे कुणी आणि कधी मोजलं? बायका करतात म्हणून ते हलकं ठरलं, असं मला वाटतं.

वळेसार, साखळी:
मी सात वर्षं गर सोलते आहे, म्हणून लिहिते. मला किलोवरच बरं. पोराची शाळा सुटली की उठता येतं. महिनेवारी म्हटलं की आठची पाळी, लेटमार्क, सासूची बोलणी. ताई, तुमची मागणी मान्य झाली तर सगळ्यात आधी आमची ही मोकळीक जाईल. दर वाढवा म्हणा, पद्धत बदला म्हणू नका.

मांडवीकाठ, पणजी:
वळेसारबाय, पटतं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन साधारण हेच सांगतात. केव्हाही हाक मारली तर येईल, त्याला पगार चढत्या भाजणीने मिळतो आणि घरची वेळ सांभाळणारीला तिची किंमत मोजावी लागते. फक्त शाळा सुटल्यावर उठायचं काम पोराच्या बापाकडे कधी जात नाही.

गल्ली क्रिकेट, मडगाव:
क्रिकेटमध्ये झालंच की! ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने मॅच फी सारखी केली. कसोटी १५ लाख, वनडे ६, टी-ट्वेन्टी ३.

हिशेबनीस, वेर्णा:
फी सारखी, वार्षिक करार नाही. तेव्हा पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची, बायकांची ५० लाखांची. म्हणजे काजूबींचाच मुद्दा मी सिद्ध करतोय, असो.

तरी सरासरी छापायला माझा विरोध कायम. किलोचा दर, रोजाचा दर, ग्रेडचा बेसिक दर्शनी फलकावर लावा, हे मी उद्या लावायला तयार आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

काजूबी, डिचोली:
फलक चालेल. पण त्याच्या शेजारी प्रत्येक कामावर बायका किती आणि पुरुष किती, हेही लावा. नुसत्या दरावरून कळतच नाही की वरच्या दराच्या कामावर बाईला घेतच नाहीत.

भाटकार, फोंडा:
आणि तो फलक तपासणार कोण? वेतन संहितेत बऱ्याच चुकांना निरीक्षकाने आधी सल्ला द्यायचा, सुधारायला मुदत द्यायची, मग खटला. कमी वेतन दिलं तरी पहिल्या वेळेला दंड जास्तीत जास्त ५० हजार. आमच्यासारख्याला तो जड आहे, मोठ्या हॉटेलवाल्याची ती एका लग्नातली फुलं. फलक लावायचाच तर आधी त्यांच्या दारात लावा.