एका दुकानाची साखळी कशी होते?

प्रश्न:
दादरला आमचे वडापावचे एकच दुकान आहे आणि दुसरी शाखा काढण्याचे घरात घाटत आहे. मॅकडोनाल्ड्सचा विस्तार नेमका कशामुळे झाला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४० साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे दुकान थाटले; परंतु खरी कलाटणी १९४८ साली मिळाली. दुकान काही काळ बंद ठेवून त्यांनी पदार्थांची यादी छाटली आणि टेनिस कोर्टवर खडूने स्वयंपाकघराचा आराखडा आखून, कामगारांना त्यात वावरायला लावून, कोण कुठे अडखळतो ते पाहिले. माझ्या मते सारे यश या आखणीत आहे.

प्रतिसाद २:
आखणी महत्त्वाची खरीच, पण विस्तार रे क्रॉक यांनी केला. मिल्कशेकची यंत्रे विकणाऱ्या या गृहस्थांनी १९५५ साली इलिनॉयमध्ये शाखा उघडली आणि १९६१ साली २७ लाख डॉलरना भावांचा हिस्सा विकत घेतला. शाखाचालकांना जागा भाड्याने देण्याच्या पद्धतीमुळे कंपनीचे उत्पन्न स्थिरावले.

प्रतिसाद ३:
१९९६ साली दिल्ली-मुंबईत येताना त्यांनी गोमांस वगळले आणि शाकाहारी स्वयंपाक वेगळा ठेवला. आपण मात्र आधी सारणाचे व चटणीचे प्रमाण वजनाने लिहून काढा. दुसऱ्या शाखेतला वडा पहिल्यासारखाच लागला, तरच पुढची जागा शोधा.